फॉरमॅट : एक शब्द, तीन कामे

शाळेच्या संगणक कक्षातला एखादा संगणक सुरू होईनासा झाला, की त्यावरचा उपाय बहुधा आधीच ठरलेला असतो : "फॉरमॅट मारून घ्या." दुरुस्ती करणारा येतो, हार्ड डिस्क पुसतो, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने घालतो आणि जातो. पुष्कळदा संगणक चालू लागतो. कधी मात्र दोन दिवसांत तोच दोष परत येतो. कधी संगणक चालतो, पण वर्षभराचे गुणतक्ते आणि मुलांचे प्रकल्प गेलेले असतात. गंमत अशी, की एकाच उपायाबद्दल आपल्या मनात दोन उलट समजुती असतात. फॉरमॅटने सगळे दोष धुऊन निघतात, ही पहिली. फॉरमॅट केलेल्या डिस्कवर काहीच उरत नाही, ही दुसरी. दोन्ही अपुऱ्या आहेत.

हा गोंधळ कशामुळे झाला? 'फॉरमॅट' हा शब्द एक असला, तरी त्याखाली तीन वेगवेगळी कामे येतात. ती तीन वेगळ्या काळांत आणि तीन वेगळ्या गरजांतून निर्माण झाली. तेव्हा ती समजून घ्यायची तर थोडे इतिहासात जावे लागेल.

वहीचे उदाहरण

सोयीसाठी एक वही डोळ्यांसमोर आणू. कागद कोरा आहे. पहिले काम म्हणजे त्यावर रेघा आखणे, म्हणजे कुठे लिहायचे ते ठरेल. दुसरे काम म्हणजे वहीचे भाग पाडणे : इतकी पाने गणिताला, इतकी विज्ञानाला. तिसरे काम म्हणजे प्रत्येक भागाच्या सुरुवातीला अनुक्रमणिकेचे पान ठेवणे : कोणता धडा कोणत्या पानावर. ही तिन्ही कामे झाल्यावरच मजकूर लिहायचा. हार्ड डिस्कवरही हीच तीन कामे होतात आणि ऑपरेटिंग सिस्टिम हा त्यानंतर लिहिलेला मजकूर असतो. आता ही कामे इतिहासात कशी आली ते पाहू.

रेघा आखण्याचे काम

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणली. 'रॅमॅक' संगणकाच्या या साठवण यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. ज्या प्रयोगशाळेत हे यंत्र तयार झाले, तिचे प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन हे आधी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असत. उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र बनवल्यामुळे आयबीएमने त्यांना नोकरीवर घेतले होते. आपल्या व्यवसायबंधूंपैकी एकाच्या देखरेखीखाली हार्ड डिस्क जन्मली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१९७१ मध्ये आयबीएमने आठ इंची फ्लॉपी आणली. ती लोकांच्या कामाच्या फायली ठेवण्यासाठी नव्हतीच. मोठ्या संगणकाच्या अंतर्गत सूचना यंत्रात भरण्यासाठी ती बनवली होती. म्हणजे आपण आज पेन ड्राइव्ह लावून ऑपरेटिंग सिस्टिम घालतो, जवळपास त्याच कामासाठी फ्लॉपीचा जन्म झाला. या पहिल्या फ्लॉपीत सेक्टर कुठे सुरू होतो हे तबकडीला पाडलेल्या भोकांवरून कळे. भोके कारखान्यातच पाडलेली असल्याने सेक्टरांची संख्या बदलता येत नसे.

१९७३ च्या फ्लॉपीत ही पद्धत बदलली. फेरा कुठे सुरू होतो हे दाखवणारे एकच भोक ठेवले आणि प्रत्येक सेक्टरच्या आरंभाची खूण चुंबकीय स्वरूपात तबकडीवरच लिहिली जाऊ लागली. एका बाजूला ७७ ट्रॅक, ट्रॅकवर २६ सेक्टर, सेक्टरात १२८ बाइट अशी ही आखणी होती. पण खुणा लिहायच्या म्हणजे त्या आधी कोणीतरी लिहून ठेवायला हव्यात. हेच पहिल्या अर्थाचे फॉरमॅट. इंग्रजीतील नावावरून आपण त्याला 'खालच्या पातळीचे फॉरमॅट' म्हणू.

या खुणा फुकट मिळत नाहीत. १९८३ मध्ये आयबीएमच्या 'पीसी एक्सटी' या संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क बसवलेली होती. त्या काळच्या अशा डिस्कच्या एका ट्रॅकवर १०,४१६ बाइट मावत. फॉरमॅट केल्यावर तिथे ५१२ बाइटचे १७ सेक्टर, म्हणजे ८,७०४ बाइट वापरता येत. राहिलेले १,७१२ बाइट, म्हणजे ट्रॅकचा जवळजवळ सहावा हिस्सा, खुणा आणि मोकळ्या जागा यांत जाई. वहीतही समास आणि दोन ओळींमधले अंतर सोडावेच लागते, तसेच हे.

तेव्हा खालच्या पातळीचे फॉरमॅट वापरणाऱ्यालाच करावे लागे. डिस्कच्या अंगावर चिकटवलेल्या कागदावर खराब ट्रॅकांची यादी छापलेली असे. ती पाहून आकडे हाताने भरायचे. एका कंट्रोलर कार्डावर फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्या प्रकारच्या कार्डावर वाचली जाईलच याची खात्री नसे. हेड हलवणारी मोटर ठरावीक पावलांनी सरके. यंत्र तापले किंवा जुने झाले, की हेड मूळ खुणांपासून किंचित ढळे आणि वाचनात चुका येऊ लागत. अशा वेळी आधी नक्कल काढून खालच्या पातळीचे फॉरमॅट केले, की रेघा हेडच्या नव्या जागेनुसार आखल्या जात आणि डिस्क खरोखर सुधारे. 'फॉरमॅटने डिस्क बरी होते' या समजुतीचे मूळ इथे आहे. त्या डिस्कांपुरती ती खरी होती.

पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंट्रोलर डिस्कवरच बसवलेल्या 'आयडीई' डिस्क आल्या. रेघा कारखान्यातच, फार अचूक यंत्रांनी आखल्या जाऊ लागल्या. बाहेरच्या लांब ट्रॅकवर जास्त आणि आतल्या ट्रॅकवर कमी सेक्टर बसवले गेले. तेव्हापासून या रेघा घरी आखता येत नाहीत. आज कोणी 'लो लेव्हल फॉरमॅट' करून देतो म्हणाला, तर तो बहुधा सगळ्या सेक्टरांत शून्ये लिहीत असतो. घासून झिजलेल्या किंवा टकटक आवाज करणाऱ्या डिस्कला त्याचा उपयोग नाही.

भाग पाडण्याचे काम

मार्च १९८३ मध्ये एक्सटीबरोबर डॉसची २.० ही आवृत्ती आली आणि तिच्यासोबत 'एफडिस्क' नावाचा कार्यक्रम आला. एका डिस्कवर एकापेक्षा अधिक ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात, म्हणून डिस्कचे जास्तीत जास्त चार भाग पाडायची सोय त्यात होती. हे भाग म्हणजे पार्टिशन. त्यांचा तक्ता डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरात ठेवला गेला. या सेक्टराला 'मास्टर बूट रेकॉर्ड' म्हणतात. त्याचा हिशोब फळ्यावर मांडण्यासारखा आहे : ४४६ बाइटांचा छोटा कार्यक्रम, प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी म्हणजे ६४ बाइट आणि शेवटी २ बाइटांची खूण, एकूण ५१२. संगणक सुरू झाला, की बायोस हा सेक्टर वाचते, त्यातला कार्यक्रम चालवते, तो चालू पार्टिशन शोधतो आणि त्याचा पहिला सेक्टर वाचतो. साखळी अशी पुढे सरकते.

आता एक बारीक गोष्ट पाहू. मास्टर बूट रेकॉर्ड कोणत्याही पार्टिशनच्या आत नसते. प्रथेनुसार पहिले पार्टिशन पुढच्या ट्रॅकपासून सुरू होई. म्हणजे पहिल्या ट्रॅकवरचे १७ पैकी १६ सेक्टर मोकळेच राहत. या मोकळ्या जागेने पुढे मोठा घोटाळा केला. त्याकडे आपण लवकरच येऊ.

अनुक्रमणिकेचे काम

फायलींची अनुक्रमणिका त्याआधीच तयार झाली होती. मार्क मॅकडोनाल्ड यांनी १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डिस्क बेसिकसाठी 'फाइल अॅलोकेशन टेबल', म्हणजे 'फॅट', ही रचना केली. टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये ती आपल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये घेतली. त्याच सिस्टिमपासून पुढे डॉस झाले. डिस्कवर रिकामी फॅट आणि रिकामी मूळ सूची लिहिणे हे तिसऱ्या अर्थाचे फॉरमॅट.

आणि इथेच शब्दाचा घोटाळा झाला. डॉसची 'फॉरमॅट' ही आज्ञा फ्लॉपीवर चालवली, की ती पहिले आणि तिसरे अशी दोन्ही कामे करी. रेघा नव्याने आखल्या जात, जुना मजकूर नष्ट होई आणि ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर ४० × २ × ९ × ५१२ = ३,६८,६४० बाइटांची कोरी जागा तयार होई. तीच आज्ञा हार्ड डिस्कवर दिली, की फक्त तिसरे काम होई. काही उत्पादकांच्या डॉसचा अपवाद सोडला, तर मूळ मजकुराला हात लागत नसे. तरीही आज्ञा पूर्ण व्हायला बराच वेळ लागे, कारण खराब जागा शोधण्यासाठी ती प्रत्येक सेक्टर वाचून पाही. पाहणाऱ्याला वाटे, एवढा वेळ लागतोय म्हणजे सगळे पुसले जात आहे. प्रत्यक्षात अनुक्रमणिकेचे पान तेवढे बदललेले असे. धडे जागेवरच असत.

म्हणूनच फॉरमॅट झालेल्या डिस्कवरून फायली परत मिळवणारे कार्यक्रम लिहिता आले. १९९१ मध्ये आलेल्या डॉस ५.० मध्ये तर 'अनफॉरमॅट' ही आज्ञाच होती.

या गोष्टीची दुसरी बाजू गंभीर आहे. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. त्यांपैकी १२९ चालू होत्या. त्यांतल्या फक्त १२ डिस्क नीट पुसलेल्या होत्या. बऱ्याच डिस्क विकण्यापूर्वी फॉरमॅट केलेल्या होत्या, तरी त्यांवर खासगी पत्रे, आजारपणाची माहिती, क्रेडिट कार्डांचे क्रमांक सापडले. शाळेचे जुने संगणक भंगारात देताना हा आकडा आठवावा.

फॉरमॅट करूनही न जाणारा विषाणू

१९८६ मध्ये लाहोरहून पसरलेला 'ब्रेन' हा विषाणू फक्त फ्लॉपीत राही. १९८७ नंतरच्या 'स्टोन्ड' विषाणूने मात्र हार्ड डिस्कच्या मास्टर बूट रेकॉर्डची जागा घेतली आणि मूळ रेकॉर्ड पहिल्या ट्रॅकवरील मोकळ्या सेक्टरात नेऊन ठेवले. १९९० मध्ये भारतात सापडलेल्या एका विषाणूचे नाव तर 'जोशी' असेच पडले. ५ जानेवारीला तो संगणक अडवून ठेवी आणि जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकायला लावी. 'मायकेलॅंजेलो' विषाणू ६ मार्चला डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर निरर्थक मजकूर लिही. १९९२ मध्ये त्याची जगभर धास्ती होती.

असा विषाणू सापडला, की लोक सी ड्राइव्ह फॉरमॅट करत, डॉस पुन्हा घालत आणि संगणक सुरू केला, की विषाणू हजर! कारण आता आपल्याला सांगता येईल. फॉरमॅटची आज्ञा पार्टिशनच्या आत काम करी आणि विषाणू पार्टिशनच्या बाहेर, पहिल्या सेक्टरात बसलेला असे. म्हणजे एका भागाची अनुक्रमणिका बदलली आणि दोष होता वहीच्या मुखपृष्ठावर. सगळ्या फायली गेल्या, दोष तसाच राहिला.

योग्य उपाय लहान होता. लेखनबंद केलेल्या शुद्ध फ्लॉपीवरून संगणक सुरू करायचा आणि डॉस ५.० पासून उपलब्ध असलेली 'एफडिस्क /एमबीआर' ही आज्ञा द्यायची. ती पहिल्या सेक्टरातला फक्त कार्यक्रम नव्याने लिही आणि पार्टिशनचा तक्ता तसाच ठेवी. एकही फाइल जात नसे. पण हा उपायही डोळे झाकून करून चालत नसे. 'मंकी' नावाचा विषाणू मूळ रेकॉर्ड सांकेतिक करून दुसरीकडे ठेवी. तिथे हीच आज्ञा दिली, तर तक्त्याचा मागमूस राहत नसे आणि डिस्क उघडत नसे. आधी निदान, मग औषध, हा नियम इथेही लागू होता. पुण्यात संगणक दुरुस्तीच्या व्यवसायात असलेल्या कैलास आणि संजय काटकर या बंधूंचे 'क्विक हील' हे विषाणूरोधक याच दशकातले. दुरुस्तीच्या टेबलावरच्या गरजेतून ते पुढे आले.

पुन्हा घालताना येणारे अडथळे

ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा घालण्याची वेळ नेहमीच येत नसे. १९८४-८५ मध्ये 'क्लास' प्रकल्पाखाली देशातील सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम आणि बेसिक भाषा रॉम चिपमध्येच होती. बटण दाबले, की संगणक तयार. मुलांनी काहीही केले, तरी मूळ प्रणाली बिघडत नसे. सिस्टिम डिस्कवर आली, तिच्यात सुधारणा करणे सोपे झाले आणि त्याबरोबरच ती बिघडणेही सोपे झाले.

पुढचे बहुतेक अडथळे एकाच जातीचे आहेत : डिस्क वाचायला जे लागते, तेच डिस्कवर असते. विंडोज ९५ सीडीवर मिळे, पण सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, की सीडी ड्राइव्हचा चालक कार्यक्रम, म्हणजे ड्रायव्हर, त्यासोबत जाई आणि हातातली सीडी वाचता येत नसे. विंडोज ९८ च्या स्टार्टअप फ्लॉपीत सर्वसाधारण सीडी ड्रायव्हर दिला, तेव्हा ही अडचण बरीच कमी झाली. २००१ च्या विंडोज एक्सपीला नंतरच्या साटा कंट्रोलरांची ओळख नसे. मग सुरुवातीलाच 'एफ६' कळ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे, नाहीतर चांगली डिस्क असूनही 'डिस्क सापडत नाही' असा संदेश येई.

दुसरी जात आकड्यांच्या मर्यादांची. नवी मोठी डिस्क लावली आणि तिचा आकार लहानच दिसला, तर ती बिघडलेली असेलच असे नाही. सेक्टर मोजायला १६ अंकी द्विमान संख्या असेल तर ६५,५३६ × ५१२ = ३,३५,५४,४३२ बाइट; हीच जुन्या डॉसची ३२ मेगाबाइटची सीमा. बायोस आणि आयडीई यांच्या मर्यादा एकत्र आल्या, तर १,०२४ × १६ × ६३ × ५१२ = ५२,८४,८२,३०४ बाइट. मास्टर बूट रेकॉर्डच्या तक्त्यात ३२ अंकी संख्या असल्याने ती सुमारे २.२ लाख कोटी बाइटांवर थांबते. म्हणून जीपीटी हा नवा तक्ता आला. त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते.

आज संगणक कक्षात वारंवार दिसणारा अडथळा याच दोन तक्त्यांचा आहे. 'या डिस्कवर विंडोज घालता येत नाही' असा संदेश येतो आणि घाईने सगळी पार्टिशने उडवली जातात. खरे कारण एवढेच असते, की संगणक यूईएफआय पद्धतीने सुरू झाला आहे आणि डिस्कवरचा तक्ता जुना आहे. २०१७ पासून विंडोज १० मध्ये हा तक्ता फायली न घालवता बदलणारे साधन आहे. तरी आधी नक्कल काढणे शहाणपणाचे.

आणि शब्दाचा अर्थ पुन्हा एकदा बदलला आहे. विंडोज एक्सपीचे पूर्ण फॉरमॅट सेक्टर फक्त वाचून पाही. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून ते खरोखर शून्ये लिहिते. एसएसडीवर तर झटपट फॉरमॅट केले तरी 'ही जागा आता नको' असा निरोप डिस्कला जातो आणि ती आपल्या सवडीने जागा रिकामी करते. 'झटपट केले आहे, फायली परत मिळतील' हा जुना भरवसा तिथे धरू नये.

आधी कोणता प्रश्न?

एवढा इतिहास पाहिल्यावर दोष शोधण्याचा क्रम आपोआप हाती येतो. बायोसला किंवा यूईएफआयला डिस्क दिसते का? नसेल, तर तार, जोडणी किंवा डिस्क स्वतः तपासावी. फॉरमॅटचा इथे संबंध नाही. डिस्क दिसते, पण पार्टिशन दिसत नाहीत? मग तक्ता बिघडला आहे. तो सुधारता येतो. पार्टिशन दिसते, पण उघडत नाही? मग अनुक्रमणिका बिघडली आहे. काहीही लिहिण्यापूर्वी फायली वाचवायचा प्रयत्न करावा. फायली उघडतात, पण संगणक सुरू होत नाही? मग फक्त ऑपरेटिंग सिस्टिम किंवा तिची सुरुवातीची साखळी बिघडली आहे. डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून फायली बाहेर काढाव्यात आणि मगच सिस्टिम पुन्हा घालावी.

विज्ञान शिकवताना आपण मुलांना सांगतो, की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सरसकट फॉरमॅट म्हणजे एका वेळी सगळेच बदलणे. त्याने दोष गेला, तरी तो कशामुळे होता हे कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी आपण पहिल्याइतकेच अज्ञानी असतो. पुढच्या वेळी कक्षातला संगणक अडला, तर दुरुस्ती करणाऱ्याला बोलावण्यापूर्वी वरचे चार प्रश्न फळ्यावर लिहावेत आणि मोठ्या वर्गातल्या मुलांनाच क्रमाने उत्तरे शोधू द्यावीत. फायली वाचतीलच आणि एक तास विज्ञानाचाही होईल.